बर्फावर न उतरलेल्या माणसाला हॉकी संघाच्या व्यवस्थापनात जागा आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय सव्वीस, मूळचे पुण्याचे, दोन वर्षांपासून टोरंटोत, विमा कंपनीत जोखमीचे गणित मांडण्याची नोकरी, आणि या दोन हिवाळ्यांत आइस हॉकीचे इतके वेड लागले आहे की एखाद्या व्यावसायिक संघाचे जनरल मॅनेजर, म्हणजे खेळाडू निवडून संघ बांधणारे प्रमुख, व्हावे असे वाटू लागले आहे. स्केट्स तुम्ही कधी पायांत घातलेले नाहीत. तरी हे शक्य आहे का, आणि त्यासाठी नोकरी सोडून क्रीडा व्यवस्थापनाची पदवी घ्यावी का, असे तुम्ही विचारले आहे. मी या धंद्यात एकवीस वर्षे काढली आहेत. पहिली सहा खालच्या स्तरावरच्या एका छोट्या संघात आणि उरलेली खेळाडूंच्या करारांच्या कामात. जनरल मॅनेजर मी झालो नाही आणि आता होईन असेही दिसत नाही. मात्र त्या खुर्चीच्या शेजारी बराच काळ बसलो आहे, आणि त्या आधाराने लिहितो.

आधी प्रश्नच जरा बदलून घेऊ. नॅशनल हॉकी लीग या उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत ३२ संघ आहेत, म्हणजे अशा खुर्च्या ३२. त्यांतली एखादी कधी रिकामी होईल, त्या वेळी मालकाच्या मनात माजी खेळाडू असेल की वकील, आणि तुम्ही तेव्हा कोणाच्या नजरेसमोर असाल, यांपैकी काहीच तुमच्या हातात नाही. म्हणून ‘जनरल मॅनेजर कसे व्हावे’ याला प्रामाणिक उत्तर नाही. ज्याला उत्तर देता येते तो प्रश्न वेगळा आहे: संघाच्या कार्यालयात असे कोणते काम पडून आहे जे महत्त्वाचे असूनही कोणी अंगावर घेत नाही, ते तुम्हाला येते का, आणि मोठी खुर्ची कधीच मिळाली नाही तरी ते काम दहा-बारा वर्षे करत राहण्याची तुमची तयारी आहे का? अशा कामाला मी माझ्यापुरते ‘बेवारस काम’ म्हणतो. या धंद्यात बाहेरून आलेली बहुतेक माणसे, निदान मी जवळून पाहिलेली, त्याच दाराने आत आलेली आहेत.

न खेळल्याचा अडसर किती, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. स्टीव्ह आयझरमन किंवा जो सॅकिक यांच्यासारखे थोर खेळाडू पुढे संघ चालवू लागले हे खरे. परंतु मॉन्ट्रियलचा संघ १९६४ ते १९७८ या काळात चालवून नऊ स्टॅन्ली चषक, म्हणजे लीगची विजेतेपदे, मिळवणारे सॅम पोलॉक व्यावसायिक हॉकी कधीच खेळलेले नव्हते. लू लॅमोरिएलो प्रॉव्हिडन्स कॉलेजात प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक होते. १९८७ मध्ये ते थेट न्यू जर्सीच्या संघात आले आणि तिथे त्यांनी तीन चषक जिंकले. केन हॉलंड गोलरक्षक होते, पण त्यांच्या वाट्याला लीगचे जेमतेम चार सामने आले. डेट्रॉइटसाठी पश्चिम कॅनडातल्या रिंकांवर मुले हेरत ते वर चढले आणि १९९७ मध्ये जनरल मॅनेजर झाले.

तुमच्या दृष्टीने अधिक बोलकी उदाहरणे आणखी दोन आहेत. टँपा बेला २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन चषक मिळवून देणारे जुलियन ब्रिजब्वा मुळात वकील. मॉन्ट्रियलच्या संघासाठी पगाराच्या लवादांचे, म्हणजे पगाराचा वाद तटस्थ लवादापुढे मांडण्याचे, काम करता करता ते २००१ मध्ये त्याच संघात रुजू झाले. एरिक टल्स्की हे रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवून नॅनोतंत्रज्ञानात काम करत होते. फावल्या वेळात ते हॉकीवर लिहीत. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, काठीवर ठेवून प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात शिरणे चांगले, की तो आत ढकलून देऊन त्यामागे धावणे चांगले, हा प्रश्न त्यांनी सामन्यांतल्या प्रत्येक प्रवेशाची नोंद करून तपासला आणि पक घेऊन शिरल्यास दुपटीहून जास्त फटके मारायला मिळतात असे दाखवले. ती नोंद तेव्हा कोणीच अधिकृतपणे ठेवत नव्हते. कॅरोलायनाच्या संघाने त्यांना आधी सल्लागार म्हणून घेतले, आणि जून २०२४ मध्ये ते त्या संघाचे जनरल मॅनेजर झाले. एकाला लवादाचे कागद येत होते, दुसऱ्याला मोजायचे काय ते सुचले. दोघांनाही दार उघडले ते त्या विशिष्ट कामामुळे. हॉकीचे प्रेम तर रांगेतल्या प्रत्येकापाशीच असते.

मात्र न खेळल्याची उणीव दारात भासली नाही तरी बैठकीत भासते. तीस वर्षे रिंक तुडवलेला स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारा माणूस, म्हणतो की अमुक मुलगा कोपऱ्यात पकसाठी भिडायला कचरतो, आणि त्याला नेमके काय दिसले हे आपल्याला कळलेले नसते. त्या क्षणी जो माणूस आपला तक्ता पुढे सरकवतो तो एकटा पडतो. सामन्याची चित्रफीत थांबवून ‘कुठे कचरला ते दाखवा’ असे जो विचारतो, त्याला दोन वर्षांत जागा मिळते. प्रौढांसाठीचे स्केटिंगचे वर्ग टोरंटोत हिवाळाभर चालतात. त्यांत जरूर नाव घाला. खेळाडू होण्यासाठी नव्हे, तर उलट्या दिशेने स्केटिंग करताना मान वळवून मागे पाहणे किती अवघड असते हे एकदा स्वतःच्या घोट्यांना कळावे म्हणून.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो. बाहेरून पाहणाऱ्याला जनरल मॅनेजर म्हणजे खेळाडूंची अदलाबदल करणारा माणूस वाटतो. आतून पाहता तो मुख्यतः टंचाईचा कारभारी असतो. २००४-०५ चा सबंध हंगाम मालक आणि खेळाडू यांच्या वादात रद्द झाला आणि त्यानंतर सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारखर्चावरची कमाल मर्यादा, लागू झाली. पहिल्या वर्षी ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख. मधल्या महामारीच्या काळात मात्र ती तीन हंगाम ८ कोटी १५ लाखांवर गोठून राहिली, आणि ती वाढतच जाणार या गृहीतावर लांब मुदतीचे करार करून बसलेल्या संघांची चांगलीच कोंडी झाली. शिवाय मुख्य चमूत २३ खेळाडू आणि एकूण ५० करार ही बंधने आहेतच.

हा हिशेब वर्षाचा नसतो, रोजचा असतो, आणि तुमच्यासारख्या माणसाला इथेच गोडी वाटेल. एखाद्या संघाने हंगामाच्या सुरुवातीपासून मर्यादेखाली दहा लाख डॉलरची जागा राखली, तर ती दिवसागणिक साचत जाते. मार्चच्या सुरुवातीला अदलाबदलीची मुदत येते तेव्हा हंगामाचा साधारण पाचवा हिस्सा उरलेला असतो, आणि त्या उरलेल्या दिवसांपुरता वर्षाला चाळीस-पंचेचाळीस लाख पगाराचा खेळाडू त्या जागेत बसू शकतो. उलट, नोव्हेंबरमध्ये दुखापतींमुळे दोन जादा खेळाडू खालच्या स्तरावरच्या संघातून आठवडाभर वर बोलावले तर मार्चमधली ती जागा गुपचूप आक्रसते. प्रशिक्षकाला आजचा सामना दिसत असतो; मार्च कोणालातरी दिसायला हवा. एखाद्याला खाली पाठवावे म्हटले तर पुष्कळदा आधी त्याचे नाव वेव्हरवर टाकावे लागते, म्हणजे चोवीस तास इतर कोणताही संघ त्याला उचलू शकतो. ‘कोण उचलेल’ याचा अंदाज बांधायचा तर इतर ३१ संघांची गरज आणि त्यांची शिल्लक ठाऊक असावी लागते.

याचे अलीकडचे उत्तम उदाहरण ऑगस्ट २०२४ चे आहे. एडमंटनचा संघ जूनमध्ये अंतिम फेरीचा सातवा सामना हरला होता, आणि जुलै उजाडताच त्याने अनुभवी खेळाडूंवर बराच खर्च केला. फिलिप ब्रॉबर्ग आणि डिलन हॉलोवे या दोन तरुणांचे करार संपलेले होते. नियमानुसार त्यांचे हक्क जुन्या संघाकडेच होते, पण दुसऱ्या संघाला त्यांच्यापुढे प्रस्ताव ठेवता येत होता. तेवढीच रक्कम सात दिवसांत देण्याची तयारी जुन्या संघाने दाखवली नाही, तर खेळाडू जातो आणि मोबदल्यात ड्राफ्टमधल्या, म्हणजे नवे तरुण खेळाडू पाळीपाळीने निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांतल्या, निवडी मिळतात. सेंट लुइसने ब्रॉबर्गला वर्षाला सुमारे ४५ लाख ८० हजार आणि हॉलोवेला २२ लाख ९० हजार डॉलर, दोघांनाही दोन-दोन वर्षांसाठी, असे प्रस्ताव एकाच दिवशी दिले. एडमंटनने हिशेब केला आणि दोघांवर पाणी सोडले. हाती आल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या निवडी.

लोकांनी या डावातले धाडस पाहिले. मला मात्र त्यातला एक बारीक तपशील अधिक मोलाचा वाटतो. मोबदल्याची निवड संघाची स्वतःचीच असावी लागते, आणि सेंट लुइसने आपली दुसऱ्या फेरीची निवड आधीच पिट्सबर्गला देऊन टाकलेली होती. ती त्यांनी प्रस्तावाआधी सौदा करून परत मिळवली. पगाराची रक्कम वाढली की मोबदल्यात द्यायच्या निवडीही पायरीपायरीने वाढतात; म्हणून रक्कमही अशी निवडली की ती पायरी चढू नये, पण एडमंटनला ती सोसू नये. असा डाव एका रात्रीत सुचत नाही. प्रतिस्पर्ध्याचे ताळेबंद महिनोन्‌महिने कोणीतरी पाहत बसलेले असावे लागते. ते पाहत बसणे हे माझ्या व्याख्येतले बेवारस काम.

माझी स्वतःची सुरुवात याहून बरीच साधी होती. ठाण्याहून आईवडिलांबरोबर सतराव्या वर्षी कॅनडात आलो, आणि वाणिज्य शाखेची पदवी हातात पडल्यावर सीमेपलीकडच्या एका छोट्या शहरातल्या संघात तिकीट विक्रीला लागलो. कार्यालयात आम्ही सात जण होतो. सकाळभर दूरध्वनीवरून हंगामी पास विकायचे आणि सामन्याच्या रात्री जे पडेल ते करायचे. इकडे एक प्रथा आहे: डिसेंबरच्या सुमारास एका सामन्यात घरच्या संघाचा पहिला गोल झाला की प्रेक्षक मुलांना वाटण्यासाठी आणलेली मऊ खेळणी बर्फावर फेकतात. जानेवारी २०२५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शेच्या रिंकवर अशी एक लाखाहून जास्त खेळणी पडली. आमच्याकडे तीन-साडेतीन हजार पडत, आणि ती मोजून पोत्यांत भरणारा माणूस मी असे.

त्या कार्यालयात खेळाडूंचे कामाचे परवाने, भाड्याची घरे आणि लीगकडे पाठवायची चमूची रोजची यादी, ही तीन कामे कोणालाच नको होती. ती मी मागून घेतली. दुसऱ्या हंगामात एका शनिवारी बदललेली यादी पाठवण्याची दुपारची मुदत माझ्या हातून चाळीस मिनिटांनी हुकली, आणि नव्यानेच आलेला एक बचावपटू त्या रात्री खेळू शकला नाही. त्याचे आईवडील सहाशे किलोमीटर गाडी चालवून त्याचा पहिला सामना पाहायला आले होते. प्रशिक्षक ओरडले ते मी विसरलो असतो. तो मुलगा मात्र काही न बोलता सूट घालून वरच्या रांगेत आईवडिलांशेजारी जाऊन बसला, ते विसरलो नाही. त्या रात्रीपासून मी प्रत्येक मुदत दोन वह्यांत लिहितो, आणि आजही नव्या माणसाला घेताना त्याच्या हुशारीआधी त्याचा कागदोपत्री नेटकेपणा पाहतो.

त्याच सवयीतून मी वरच्या स्तरावरच्या खेळाडूंच्या करारांचे तक्ते घरी बसून करू लागलो, आणि लवादाच्या तयारीला माणूस हवा आहे असे कळल्यावर ते पाठवले. पगाराच्या लवादात दोन्ही बाजू सारख्या वयाच्या, सारख्या कामगिरीच्या खेळाडूंचे दाखले मांडतात; पूर्ण मुक्त झालेल्या, म्हणजे ज्याच्यावर कोणत्याच संघाचा हक्क उरलेला नाही अशा, खेळाडूने केलेला करार तिथे दाखला म्हणून चालत नाही, त्यामुळे योग्य दाखले शोधणे हेच मोठे किचकट काम असते. बहुतेक प्रकरणे सुनावणीआधीच मिटतात, आणि ती मिटलेलीच बरी, कारण सुनावणीत आपल्याच खेळाडूच्या तोंडावर त्याच्या उणिवा वाचाव्या लागतात आणि सप्टेंबरात त्याच्याशीच हस्तांदोलन करावे लागते.

पदवीबद्दल. क्रीडा व्यवस्थापनाच्या पदवीचा खरा उपयोग वर्गात शिकवतात त्यापेक्षा संघात मिळणाऱ्या सक्तीच्या उमेदवारीत (इंटर्नशिपमध्ये) आणि ओळखींत असतो. पुढे टोरंटोचे जनरल मॅनेजर झालेले काइल डुबास ब्रॉक विद्यापीठात हाच विषय शिकले. मात्र त्याआधीपासून ते आपल्या गावच्या, सू सेंट मेरीच्या, कनिष्ठ (साधारण सोळा ते वीस वर्षांच्या मुलांच्या) संघात पडेल ते काम करत होते, मधल्या काळात खेळाडूंचे एजंट झाले आणि २०११ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्याच संघाचे जनरल मॅनेजर झाले. एजंटगिरी हेही एक दार आहे. एमिली कास्टोंगे तिथूनच जानेवारी २०२२ मध्ये व्हँकुव्हरच्या सहायक जनरल मॅनेजर झाल्या. तुमच्यापाशी सांख्यिकीचे शिक्षण आणि जोखीम मोजण्याचा अनुभव आहेच. त्यावर पुन्हा दोन वर्षे आणि मोठी फी खर्च करण्याआधी तो अभ्यासक्रम नेमक्या कोणत्या संघात उमेदवारीला पाठवतो हे लेखी विचारा. उत्तर गुळमुळीत आले तर पैसे वाचले असे समजा. करारांच्याच बाजूला जायचे ठरले तर कायद्याचे शिक्षण अधिक उपयोगी पडते, हे मी स्वतःच्या उणिवेवरून सांगतो.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्यांचा निर्णय मी तुमच्या वतीने करू शकत नाही. लीगचे २५ संघ अमेरिकेत आणि फक्त सात कॅनडात आहेत. अमेरिकेत काम करण्याचा कायदेशीर मार्ग तुम्हाला मोकळा आहे का, यावर तुमचे अर्धे पर्याय ठरतील. मॉन्ट्रियलमध्ये फ्रेंच येणे जवळजवळ गृहीत धरलेले असते. पहिली काही वर्षे पगार इतका कमी असतो की मी दोघांबरोबर एका खोलीत राहत होतो. घरी पैसे पाठवायचे असतील किंवा कर्ज असेल तर हा मार्ग तितक्या सहजपणे सुचवणार नाही. सप्टेंबरचे सराव शिबिर नेमके गणपतीच्या सुमारास येते आणि दिवाळी हंगामाच्या ऐन भरात. एकवीस वर्षांत गणपतीला मी ठाण्यात दोनदाच जाऊ शकलो. जोडीदाराशी याबद्दल आधीच बोलून घेतलेले बरे.

अस्थिरतेचाही विचार करा. २०२३ च्या वसंतात टोरंटोने २००४ नंतर पहिल्यांदाच प्लेऑफची, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीची, एक मालिका जिंकली आणि त्यानंतर काही आठवड्यांतच डुबास यांना तिथले जनरल मॅनेजरपद सोडावे लागले. त्यांना पिट्सबर्गने लगेच घेतले. पण प्रमुख गेला की त्याने आणलेली माणसेही हलतात, आणि त्या सगळ्यांसाठी पिट्सबर्ग नसते. माझा करार दोनदा नूतनीकरणाविना संपला आहे, दोन्ही वेळा वरचा माणूस बदलल्यामुळे.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगणे मला भाग आहे. २०१० मध्ये शिकागोच्या एका खेळाडूने संघातल्या चित्रफीत प्रशिक्षकावर लैंगिक अत्याचाराची तक्रार केली, आणि ती वरिष्ठांच्या कानावर गेली तेव्हा संघ चषकाच्या उंबरठ्यावर होता, कारवाई लांबली. २०२१ मध्ये चौकशी अहवाल आला, संघाला २० लाख डॉलर दंड झाला आणि जनरल मॅनेजरांना पायउतार व्हावे लागले. या कामात तक्ते बनवणारा माणूसही कधीतरी अशा खोलीत बसलेला असतो. तिथे आपण काय बोलणार, हे त्या खोलीत शिरण्याआधी ठरलेले असावे.

आता तुमच्या जागी मी असतो तर काय केले असते ते सांगतो. नोकरी सोडली नसती. टोरंटोच्या आसपास, ओशावा आणि ब्रॅम्प्टनसारख्या ठिकाणी, ऑन्टेरियो हॉकी लीगचे कनिष्ठ संघ आहेत, विद्यापीठांचेही संघ आहेत. त्यांपैकी एकाकडे जाऊन संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी चित्रफितींच्या नोंदी करून देण्याचे काम मागितले असते. त्याच्या जोडीला एकच प्रश्न घेऊन एक हंगाम काढला असता. सध्या असा एक प्रश्न डोळ्यांसमोर आहे: २०२५-२६ पासून कॅनडाच्या वरच्या दर्जाच्या कनिष्ठ लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकेच्या महाविद्यालयीन हॉकीत खेळण्याची मुभा मिळाली आहे. त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांची वाट बदलली, महाविद्यालयीन सामन्यांचा कस बदलला, आणि ‘तिथे इतके गोल म्हणजे पुढे इतके’ असे सांगणारे जुने तक्ते विसंबण्याजोगे राहिलेले नाहीत. शंभर-सव्वाशे मुलांचा माग ठेवून हे नव्याने मांडायला वेळ आणि चिकाटी लागते, आणि पूर्णवेळ स्काउटकडे वेळच नसतो. विमा कंपनीत तुम्ही मोजके दाखले हाती असताना अंदाज बांधता आणि तो किती ढिला आहे हेही सांगता. ते दुसरे सांगणे हॉकीत अजून दुर्मीळ आहे.

त्यावर चार पानांचे टिपण लिहा, निष्कर्ष पहिल्या परिच्छेदात ठेवा, आणि तुमचा अंदाज कोणत्या मुलांच्या बाबतीत चुकला तेही त्यात द्या. मार्चच्या सुरुवातीला ते पाठवू नका, तेव्हा अदलाबदलीची धावपळ असते. जूनअखेर ड्राफ्ट, १ जुलैला मुक्त खेळाडूंचा बाजार आणि त्यामागोमाग लवाद असतात. ऑगस्टचा दुसरा-तिसरा आठवडा बरा, कारण तेव्हा लोक खरोखर वाचतात. पत्र जनरल मॅनेजरांना न लिहिता सहायकाला किंवा विश्लेषण विभागाच्या प्रमुखाला लिहा, आणि त्यात नोकरी मागू नका. उत्तर आले नाही तर पुढच्या ऑगस्टमध्ये त्याच टिपणात नव्या हंगामाची भर घालून पुन्हा पाठवा. माझ्या पहिल्या दोन पत्रांना कोणीही उत्तर दिले नव्हते.